डोळे, किरणं आणि वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘डोळ्यांचं रेडिएशनपासून रक्षण’ असं वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या डबीवर छापलेलं असतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या आक्रमक रेणूंना निष्प्रभ करणारं द्रव्य. कोणतं रेडिएशन, डोळ्याचा कोणता भाग आणि तिथे हे औषध पोचतं तरी का, याबद्दल मात्र डबी गप्प असते. खालची उत्तरं मुख्यतः या शेवटच्या प्रश्नाभोवती फिरतात, कारण बहुतेक दावे तिथेच अडकतात. तुमचे उपचार चालू असतील तर इथलं वाचून परस्पर काही सुरू किंवा बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

रेडिएशन म्हणजे नक्की कोणतं?

ऊन, वेल्डिंगचा झोत, एक्स-रे, कर्करोगावरचं रेडिएशन, मोबाइलचा पडदा या सगळ्यांना लोक एकाच शब्दात गुंडाळतात. डोळा मात्र त्यांच्यात चोख फरक करतो. साधारण ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, अडवतो. ३०० ते ४०० नॅनोमीटरमधले बहुतेक किरण भिंगात शोषले जातात. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा पट्टा, म्हणजे दिसणारा प्रकाश आणि अवरक्तातला जवळचा भाग, थेट रेटिनापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यापर्यंत, जातो. एक्स-रे आणि गॅमा किरणांना यातली कुठलीच पायरी लागू नाही, ते सगळ्या डोळ्यातून आरपार जातात.

यातून एक गोष्ट लगेच निकालात निघते. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काच कारागिरांना होणारा मोतीबिंदू अवरक्त किरणांच्या उष्णतेमुळे होतो. मायक्रोवेव्हचाही मुख्य परिणाम उष्णतेचाच. भाजण्यावर अँटिऑक्सिडंटचा उतारा नसतो. प्रश्न उरतो तो अतिनील, तीव्र निळा प्रकाश आणि एक्स-रे–गॅमा यांचा.

या किरणांनी आत बिघडतं काय?

एक्स-रे आणि गॅमा किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय आक्रमक कण तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाएवढं असतं, पण तेवढ्यात तो शेजारच्या डीएनएला, प्रथिनाला किंवा मेदाला डसतो. या किरणांनी होणारं डीएनएचं सुमारे दोन तृतीयांश नुकसान अशा आडमार्गाने होतं, बाकीचं किरण थेट आदळून. प्रकाशाची तऱ्हा वेगळी. पेशीतलं एखादं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन आक्रमक होतो.

डोळ्यात याचा सर्वात मोठा बळी भिंग. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. त्यातल्या कडेच्या पेशी विभाजित होतात, लांब होत जातात, आपलं केंद्रक टाकून देतात आणि पारदर्शक तंतू बनतात. झाडाच्या खोडासारखी वलयं वर चढत जातात आणि जुनं काही बाहेर पडत नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं तुमच्या जन्माच्याही आधीची आहेत, ती बदलून मिळत नाहीत. किरणोत्साराने जखमी झालेल्या पेशी नीट तंतू बनू शकत नाहीत. त्या सरकत भिंगाच्या मागच्या टोकाशी गोळा होतात आणि तिथे धूसर ठिपका धरतो. एक्स-रे आणि गॅमा किरणांमुळे होणारा मोतीबिंदू बहुधा याच जागी, भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून दिसतो. अतिनील किरणांचा संबंध भिंगाच्या बाहेरच्या थरात, कडेकडून आत येणाऱ्या मोतीबिंदूशी जास्त आढळतो.

रेटिनाची अडचण निराळी. शरीरातल्या सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतींपैकी ती एक. तिच्या प्रकाशग्राही पेशींच्या पडद्यात डीएचए हे सहज खवट होणारं मेदाम्ल ठासून भरलेलं, आणि वरून दिवसभर प्रकाशाचा मारा. ऑक्सिडेशनला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

मग डोळ्याकडे स्वतःचं काहीच संरक्षण नाही?

आहे, आणि चांगलं भक्कम आहे. भिंगात ग्लुटाथायोन हे पेशींनी स्वतः बनवलेलं अँटिऑक्सिडंट भरपूर असतं. कॉर्निया आणि भिंग यांच्यामधल्या पाण्यात जीवनसत्त्व ‘क’चं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या वीसेक पट असतं. रेटिनाच्या पेशींच्या पडद्यात जीवनसत्त्व ‘ई’ बसलेलं असतं, शिवाय सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज अशी विकरं (एन्झाइम्स) आहेतच. वय वाढतं तसं ग्लुटाथायोन भिंगाच्या बाहेरच्या थरातून गाभ्यापर्यंत पोचणं मंदावतं. म्हातारपणी भिंग आधी गाभ्यात पिवळं-तपकिरी पडण्यामागे हे एक कारण धरतात.

वनस्पतींमधल्या शेकडो अँटिऑक्सिडंट्सपैकी डोळ्यात खरोखर कोणती जातात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून उत्तर जरा लांब.

वनस्पतींमध्ये शेकडो कॅरोटिनॉइड्स, म्हणजे पिवळी-नारिंगी-लाल रंगद्रव्यं, आहेत. माणूस त्यातली डझन-दीड डझन रक्तात घेतो. रेटिनाच्या मध्यभागी, ज्या जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो त्या मॅक्युलात, मुख्यतः दोनच निवडून साठवली जातात : ल्युटिन आणि झियाझँथिन. त्यांच्यासोबत मेसो-झियाझँथिन हे तिसरं भावंड असतं, पण ते मुख्यतः डोळ्यातच ल्युटिनपासून बनतं. मॅक्युलाचा पिवळा रंग यांचाच. शरीर यातलं काहीही मुळापासून तयार करू शकत नाही, सगळं आहारातूनच यावं लागतं. त्यांना पकडून ठेवणारी खास प्रथिनं रेटिनात असतात. थोडक्यात, डोळ्याने स्वतः मागवलेली ही द्रव्यं आहेत.

ती दोन कामं करतात. पहिलं गाळणीचं. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ती प्रकाशग्राही पेशींच्या आधीच शोषतात. दुसरं, चिडलेल्या ऑक्सिजनची ऊर्जा स्वतःकडे घेऊन ती उष्णतेच्या रूपात सोडून देतात. भिंगातही ही दोन सापडतात, पण अगदी थोडी.

आता मर्यादा. गाळणी निळ्या प्रकाशापुरती आहे. एक्स-रे किंवा गॅमा किरणांना ल्युटिन अडवत नाही, आणि ते साठतं मॅक्युलात, तर किरणोत्साराचा पहिला फटका बसतो भिंगाला. ‘ल्युटिन डोळ्यांना रेडिएशनपासून वाचवतं’ हे वाक्य म्हणून अर्धवट खरं आहे. निळ्या प्रकाशाच्या बाबतीत त्याला आधार आहे, एक्स-रेच्या बाबतीत नाही.

ल्युटिन कशातून मिळतं?

गडद हिरव्या पालेभाज्यांतून. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात ल्युटिन आणि झियाझँथिन मिळून सुमारे ११ मिलिग्रॅम असतं. झियाझँथिनसाठी मका आणि नारिंगी ढोबळी मिरची चांगली. दोन्ही द्रव्यं तेलात विरघळणारी असल्यामुळे भाजी चिरून, शिजवून, थोड्या तेला-तुपासोबत खाल्ली तर जास्त शोषली जातात. नुसता कच्चा हिरवा रस पिऊन फार पदरात पडत नाही. वनस्पतीच्या यादीत बसत नसलं तरी सांगून ठेवतो : अंड्याच्या बलकात ल्युटिन कमी असतं, पण सोबत मेद असल्याने ते अंगी लागतं चांगलं.

गोळ्यांमधलं बहुतेक ल्युटिन झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात. रक्तातली पातळी काही आठवड्यांत वाढते, मॅक्युलातला रंग गडद व्हायला महिने लागतात. तो मोजताही येतो. रुग्णाला निळा आणि हिरवा प्रकाश आलटून-पालटून लुकलुकताना दाखवतात आणि लुकलुक थांबल्यासारखी वाटेपर्यंत निळ्याची तीव्रता फिरवायला सांगतात. मॅक्युलात रंग जितका दाट, तितका निळा जास्त वाढवावा लागतो. काहींच्या डोळ्यात भरपूर ल्युटिन खाऊनही हा आकडा फारसा हलत नाही.

माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत का?

झाल्या आहेत, पण वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेवर. किरणांपासूनच्या बचावाची परीक्षा त्यात नव्हती, हे जाहिराती सांगत नाहीत.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या ‘एरेड्स’ चाचणीचे निष्कर्ष २००१ साली आले. ५०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’, ४०० युनिट जीवनसत्त्व ‘ई’, १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, ८० मिलिग्रॅम झिंक आणि २ मिलिग्रॅम तांबं असं मिश्रण होतं. ज्यांचा आजार आधीच मध्यम टप्प्यावर होता त्यांच्यात तो पुढच्या टप्प्यावर जाण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. आजार नसलेल्यांना तो होऊ नये म्हणून या मिश्रणाचा उपयोग दिसला नाही. मोतीबिंदूवरही परिणाम नव्हता.

या मिश्रणातलं बीटा कॅरोटीन मात्र आधीपासूनच अडचणीत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला होता, हे १९९४ सालीच प्रसिद्ध झालं होतं. म्हणून २०१३ च्या ‘एरेड्स-२’ मध्ये त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन वापरून पाहिलं. ही अदलाबदल सुरक्षित ठरली. ज्यांच्या रोजच्या खाण्यात ही दोन द्रव्यं सर्वात कमी होती, त्यांना फायदा जास्त दिसला. ओमेगा-३ ने काही फरक पडला नाही.

हळद, ग्रीन टी, द्राक्षं यांचे तर किती चांगले निष्कर्ष वाचायला मिळतात. तुम्ही त्यांना मागे का ठेवता?

कारण ते निष्कर्ष बहुतेक काचेच्या बशीतले असतात. प्रयोगशाळेत रेटिनाच्या पेशी वाढवायच्या, त्यावर हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षांतलं रेझव्हेराट्रॉल किंवा ग्रीन टीमधलं ईजीसीजी टाकायचं, मग अतिनील किरण सोडायचे. पेशी जास्त तगतात आणि बातमी तयार होते. पण बशीत घातलेली मात्रा तेच पदार्थ खाऊन माणसाच्या रक्तात येणाऱ्या मात्रेच्या अनेक पटींनी असते. कर्क्युमिन तर आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. जे शोषलं जातं त्यावर आतडं आणि यकृत लगेच प्रक्रिया करून त्याचं रूप बदलतात. त्यापुढे रक्त आणि रेटिना यांच्यामधली भिंत, रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यामधली दुसरी भिंत. भिंगात तर रक्तवाहिन्याच नाहीत. एवढं पार करून पोचणाऱ्या रेणूने सेकंदाचा अब्जांश भाग जगणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलला गाठायचं, तर तो आधीपासून तिथे प्रचंड संख्येने हजर असायला हवा.

एक वाट मात्र मला खरोखर विचार करण्याजोगी वाटते. काही वनस्पतिजन्य द्रव्यं स्वतः लढत बसत नाहीत, ती पेशीच्या एनआरएफ-२ नावाच्या स्विचला धक्का देतात. मग पेशी स्वतःच ग्लुटाथायोन आणि संरक्षक विकरं जास्त बनवू लागते. याला थोडी मात्रा पुरू शकते आणि परिणाम बरेच तास टिकतो. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन यातलं सर्वात अभ्यासलेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की सल्फोराफेन दिलेल्या रेटिनाच्या आधारपेशी प्रकाशाच्या माऱ्यात जास्त वाचतात. पुन्हा बशीतल्याच पेशी, पण यंत्रणा पटण्यासारखी आहे. सल्फोराफेन ब्रोकोलीत तयार बसलेलं नसतं. भाजी चिरली किंवा चावली की पेशी फुटतात, त्यातलं मायरोसिनेज हे विकर कामाला लागतं आणि ते बनतं. अख्खा तुरा आधी उकळत्या पाण्यात टाकला तर विकर मरतं. चिरून थोडा वेळ ठेवायचं आणि मग हलकं वाफवायचं, ही त्यावरची युक्ती.

उंदरांमध्ये तर गॅमा किरणांपासून भिंग वाचल्याचे प्रयोग आहेत ना?

आहेत, आणि ते खोटे नाहीत. उंदरांच्या डोक्याला ५ ग्रेसारखा (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणोत्साराचं एकक) एकदाच डोस द्यायचा, कलौंजीतलं थायमोक्विनोन किंवा तसं दुसरं एखादं द्रव्य सोबत द्यायचं आणि मग भिंगातली ग्लुटाथायोनसारखी मापं आणि धूसरपणा पाहायचा, अशी साधारण रीत. द्रव्य दिलेल्या गटात नुकसान कमी आढळतं.

पण उंदराचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. उंदीर निशाचर. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यातल्या पाण्यात जीवनसत्त्व ‘क’ भरपूर असतं, निशाचरांच्या डोळ्यात ते अगदी नगण्य. ज्याच्याकडे मुळातच ढाल नाही त्याला बाहेरून दिलेली ढाल उपयोगी पडणारच. माणसाच्या भिंगाभोवती ती आधीच आहे, त्यात भर घालून किती फरक पडेल हा वेगळा प्रश्न. उंदराला मॅक्युला नसतो. प्रयोगातले उंदीर बहुधा पांढरे, म्हणजे डोळ्यात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य नसलेले असतात. आणि द्रव्याचा डोस सहसा किरणांच्या आधी सुरू होतो, शरीराच्या वजनाच्या मानाने कितीतरी मोठा. केशराने उंदरांच्या रेटिनाचं प्रखर प्रकाशापासून रक्षण झाल्याचेही प्रयोग आहेत. माणसांवर केशराच्या चाचण्या झाल्या त्या छोट्या, आणि त्याही मॅक्युलाच्या आजारावर.

मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात तिथे, काम करतो. काय घेऊ?

शिशाचा चष्मा घ्या.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, २०११ साली भिंगासाठी धोक्याचा उंबरठा ०.५ ग्रेवर आणला. त्याआधी तो एकदाच मिळालेल्या डोससाठी २ ग्रे आणि थोडाथोडा मिळालेल्यासाठी ५ ग्रे धरत. कामगारांसाठी भिंगाची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून (एक्स-रेसाठी साधारण मिलिग्रेएवढंच एकक) थेट २० वर आली. ही पाच वर्षांची सरासरी, आणि कोणत्याही एका वर्षी ५० च्या वर नाही. यामागे चेर्नोबिलच्या सफाई कामगारांसारख्या गटांचे अभ्यास होते. त्यातल्या एका अभ्यासात ८,६०७ कामगारांचे डोळे तपासले होते.

कॅथ लॅबमधले किरण तुमच्या डोळ्याकडे नळीतून सरळ येत नाहीत, रुग्णाच्या शरीरावरून विखरून येतात, म्हणजे खालून आणि बाजूने. तुमची मान मॉनिटरकडे वळलेली असते. त्यामुळे चष्म्याची काच आणि गाल यांच्यामधली फट नेमकी रुग्णाच्या बाजूला उघडी पडते. चापट काचेचा, गालापासून सुटलेला शिशाचा चष्मा म्हणूनच कागदावर लिहिलेल्या आकड्याएवढं संरक्षण देत नाही. बाजूला काच असलेला, चेहऱ्याला बिलगणारा घ्या. छताला टांगलेली शिशाची काच जमेल तितकी रुग्णाच्या जवळ ओढा. फ्लुरोचं, म्हणजे सलग एक्स-रे चालू ठेवणारं, पायाचं बटण उगाच दाबून ठेवू नका. डोळ्याजवळ डोसमापक लावा आणि भिंगाची तपासणी बाहुली मोठी करून, स्लिट लॅम्पवर (नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकावर) करून घ्या. मागच्या बाजूचा सुरुवातीचा ठिपका नजर कमी होण्याआधी तिथेच दिसतो. आहारात पालेभाज्या जरूर असू द्या, पण डोसमापकावर त्यांचा काही परिणाम होत नाही.

घरच्या रुग्णाचं डोक्या-मानेचं रेडिएशन चालू आहे. डोळे वाचावेत म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. रेडिएशन कर्करोगाच्या पेशी मारतं ते बऱ्याच अंशी याच मुक्त रॅडिकल्सच्या जोरावर. डोळ्याला मिळालेली ढाल गाठीलाही मिळू शकते.

ही भीती पुस्तकी नाही. कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली. रेडिएशनच्या काळात आणि नंतर जीवनसत्त्व ‘ई’ ४०० युनिट दिलं, सुरुवातीच्या काही रुग्णांना बीटा कॅरोटीनही. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत उपचारांचे तात्पुरते त्रास, विशेषतः दोन्ही मिळालेल्यांत, कमी होते. पण गोळ्या चालू असताना नवा कर्करोग उद्भवण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्रास कमी झाला म्हणून आनंद मानावा अशी ही तडजोड नव्हे.

नेहमीचं जेवण, फळं, भाज्या यावर बंदी नसते. आक्षेप आहे तो जास्त मात्रेच्या गोळ्या आणि अर्कांवर. आधीच काही चालू असेल, अगदी ‘हर्बल’ असलं तरी, कर्करोगतज्ज्ञांना बाटलीसकट दाखवा. डोळ्यांसाठी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत : भिंगाला, अश्रुग्रंथीला आणि रेटिनाला किती ग्रे जाणार आहेत, आणि आखणी बदलून ते कमी करता येतील का. रेटिनाच्या रक्तवाहिन्यांवरचा परिणाम उपचारांनंतर साधारण सहा महिने ते तीन वर्षांत वर येतो. मधुमेह असेल तर धोका वाढतो. म्हणून ‘आता सगळं संपलं’ म्हणून डोळ्यांची तपासणी सोडू नका.

सीटी स्कॅनच्या आधी जीवनसत्त्व ‘क’ घेतलं तर?

गरज नाही. डोक्याच्या सीटीत भिंगाला साधारण ५० मिलिग्रेच्या आसपास किंवा त्याहून कमी डोस मिळतो, म्हणजे वर सांगितलेल्या उंबरठ्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. वारंवार स्कॅन होत असतील तर ‘हा खरंच लागणार आहे का’ एवढं विचारा. छातीच्या एक्स-रेत डोळ्यांचा प्रश्नच येत नाही.

वेल्डिंगनंतर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. गाजराचा रस पिऊन फरक पडेल?

नाही. आर्कच्या अतिनील किरणांनी कॉर्नियाचा वरचा थर भाजतो. त्रास लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री झोपेतच, डोळे ठणकायला लागतात, पाणी येतं, दिव्याकडे बघवत नाही. एक-दोन दिवसांत थर भरून येतो. डोळे चोळू नका, काँटॅक्ट लेन्स काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब कुणाकडून मागून घरी वारंवार घालू नका, त्याने जखम भरणं थांबतं आणि कॉर्निया कायमचा खराब होऊ शकतो. उपाय एकच, योग्य शेडची काच असलेला हेल्मेट. आणि तो मदतनीसालाही हवा. वेल्डर हेल्मेट घालतो आणि शेजारी पत्रा धरून उभा असलेला पोरगा नुसता तोंड फिरवतो, असं फार वेळा दिसतं.

उन्हासाठी काय?

चष्मा आणि रुंद काठाची टोपी. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरच्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात डोळ्याला मिळालेले यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनीलाच्या एका पट्ट्यातले, किरण दुप्पट झाले की भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होत होता. टोपी-चष्म्याची सवय असणाऱ्यांच्या डोळ्यांना हे किरण अर्थातच कमी मिळतात.

चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असावं. काच किती काळी आहे याचा अतिनील किरण अडवण्याशी संबंध नाही. उलट काळी पण यूव्ही न अडवणारी काच घातली की बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी मिळते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, आणि दर हजार मीटर उंचीला ते १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. लहान मुलांचं भिंग जास्त पारदर्शक असल्याने त्यांच्या रेटिनाला मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील पोचतं, त्यांचा चष्मा चैन समजू नका. ग्रहणात सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघण्याला मात्र ल्युटिन, पालक, काहीही वाचवू शकत नाही.

आणि मोबाइलचा निळा प्रकाश?

पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या आकाशाच्या मानाने फारच क्षीण असतो. त्याने माणसाच्या रेटिनाला इजा होते याला पुरावा नाही. डोळे थकतात ते पापण्या कमी लवल्यामुळे आणि सतत जवळ बघितल्यामुळे. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं २०२३ च्या कोक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं नाही. ‘स्क्रीन रेडिएशनसाठी ल्युटिन’ ही माझ्या मते शुद्ध विक्रीची भाषा आहे.

डबीवर ‘ओआरएसी’ आकडा प्रचंड दिलाय. म्हणजे चांगलंच ना?

ओआरएसी म्हणजे पदार्थाच्या अँटिऑक्सिडंट ताकदीचं माप. तो परीक्षानळीतला आकडा आहे, शरीरातला नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओआरएसीची यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण उत्पादक तिचा गैरवापर करत होते. डबीवर अजून तो आकडा असेल तर उत्पादकाबद्दल काय समजायचं ते समजा.

बिलबेरी या ब्लूबेरीसारख्या फळाने वैमानिकांना रात्री दिसायचं म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांची ती दंतकथा. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत रात्रीच्या नजरेवर बिलबेरीचा परिणाम दिसला नाही. गाजराची गोष्टही त्याच काळातली. रात्री शत्रूची विमानं पाडण्याचं श्रेय ब्रिटिश प्रचाराने गाजरांना दिलं, खरं काम विमानांतल्या रडारचं होतं. तरीही गाजर घरोघरी जाऊन बसलं, प्रचार इतका चिवट असतो.

अणुदुर्घटनेत मिळणारी आयोडीनची गोळी डोळ्यांना वाचवते का?

नाही. ती फक्त थायरॉईडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू देत नाही.

नैसर्गिक आहे म्हटल्यावर दुष्परिणाम कसले?

धूम्रपान करणाऱ्यांनी, आणि आधी करत असलेल्यांनीही, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात. ग्रीन टीच्या अर्कात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर रक्तात यकृताची विकरं वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. कपभर चहा आणि गोळीतला अर्क यांची बरोबरी करू नका. कर्क्युमिनचं शोषण वाढावं म्हणून काळ्या मिरीतलं पायपरीन घातलेल्या गोळ्यांनीही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पायपरीन इतर औषधांचंही शोषण वाढवतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काने रक्तस्रावाची भीती वाढते. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी ल्युटिनच्या हौसेने पालकाचं प्रमाण एकदम वाढवू नये, त्यातलं जीवनसत्त्व ‘के’ औषधाच्या विरोधात जातं. मुतखड्याची सवय असणाऱ्यांना पालकातलं ऑक्झलेट नडू शकतं. ल्युटिन मात्र बरंच निरुपद्रवी. फार झालं तर कातडी पिवळसर दिसते, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. तोही पिवळा दिसला तर ती कावीळ असू शकते, तेव्हा थांबू नका.

खाऊन पोचत नसेल तर वनस्पतीचा रस सरळ डोळ्यात घालावा का?

नको. घरी काढलेल्या रसात जंतू आणि बुरशी असतात. कॉर्नियावर सूक्ष्म ओरखडा असला, आणि भाजलेल्या कॉर्नियावर तो असतोच, की तिथे व्रण धरतो. बुरशीचा व्रण बरा व्हायला आठवडे-महिने जातात आणि बरा होऊनही पांढरा डाग नजरेच्या मधोमध राहू शकतो. शिवाय थेंबाने टाकलेलं द्रव्य बहुतांशी अश्रूंबरोबर नाकात वाहून जातं, भिंग-रेटिनापर्यंत पोचत नाही. रुईसारख्या वनस्पतींचा चीक तर कॉर्नियाच्या आतल्या थराला इजा करतो. कुणी आधीच काही घातलं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा, पापणी उलटून आतलंही धुवा, डोळ्यावर पट्टी न बांधता नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना ती बाटली किंवा ते पान सोबत न्या.